छोट्या गाडीतली जागा आणि सीट कशी पारखावी

दोन छोट्या गाड्यांमधून एक निवडायची असली की लोक आधी ब्रोशर उघडून व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) आणि लेगरूमचे आकडे शेजारी-शेजारी लिहून काढतात. लिहा हवे तर, पण त्यावर निकाल देऊ नका. लेगरूम म्हणून जो आकडा छापतात तो बहुतेक वेळा घोट्यापासून खुब्यापर्यंतचं तिरकं अंतर आणि त्यात ठरावीक 254 मिमी, असा काढलेला असतो. गुडघा आणि पुढच्या सीटची पाठ यांच्यामध्ये किती जागा उरते, याबद्दल तो काहीच सांगत नाही. त्यामुळे आकडा तोच, आणि एका गाडीत ऐसपैस तर दुसरीत गुडघे हनुवटीला, असं सहज होतं.

मोजमापाची टेप घ्या, रोजचे बूट घाला आणि घरातल्या सर्वात उंच माणसाला सोबत न्या. दोन्ही गाड्या एकाच दिवशी पाहा, नाहीतर शरीर पहिली गाडी विसरतं.

पुढची सीट सर्वात आधी लावायची. शोरूममधल्या गाडीत ती बहुधा पुढे सरकवलेली असते, म्हणजे मागे भरपूर जागा दिसते. उंच माणसाला चालकाच्या जागी बसवा. ब्रेक पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे आणि पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. आता सीटला हात न लावता त्याच्या मागे जाऊन बसा. सेल्समन ती पुढे घ्यायला धावेल, त्याला थांबवा.

आता मागची सीट. खरी फसगत इथेच होते आणि मलाही हे समजायला बराच काळ लागला. सगळे जण गुडघ्यासमोर मूठ धरून पाहतात. दोन मुठी मावल्या की ‘जागा आहे’ म्हणून मोकळे. पण ती जागा आली कुठून? गाडीची लांबी तर ठरलेली. मग एक तर पुढच्या सीटची पाठ पातळ करून मागून खोलगट केलेली असते, ते ठीकच आहे. नाहीतर मागच्या सीटची बैठक आखूड केलेली असते, खाली नेलेली असते, किंवा पाठ ताठ उभी केलेली असते. या तिन्हींची किंमत तुमच्या मांड्या आणि कंबर मोजतात, आणि ती दहा मिनिटांत कळत नाही.

ओळखायचं कसं? पार मागे सरकून बसा, कंबर सीटच्या पाठीला टेकलेली, तळवे गाडीच्या जमिनीवर सपाट. आता गुडघ्याच्या बाजूने तळहात मांडीखाली सरकवा. तीन-चार बोटांवर हात अडला तर उत्तम. अर्ध्या मांडीपर्यंत आत गेला तर मांडी अधांतरी आहे आणि सगळा भार बैठकीच्या हाडांवर पडतोय. अशा सीटवर लांबच्या प्रवासात माणूस सतत कूस बदलत राहतो.

हे दोन कारणांनी होतं आणि ती वेगळी ओळखता आली पाहिजेत. मांडी बैठकीवर नीट टेकते पण बैठक लवकर संपते, तर ती आखूड आहे. गुडघे खुब्यापेक्षा वर आलेत, तर बैठक जमिनीपासून कमी उंचीवर आहे. टेपने दोन मापं घ्या: सीटच्या पाठीपासून बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत, आणि गाडीच्या आतल्या जमिनीपासून त्याच कडेपर्यंत. माझ्या मते तुलनेत ही दोनच मापं आधी लिहावीत, गुडघ्यासमोरची जागा त्यानंतर. इलेक्ट्रिक गाडीत दुसरं माप जास्तच जपून घ्या. बॅटरी गाडीच्या जमिनीखाली असल्यामुळे ती जमीन वर येते, बैठक मात्र तितकी वर येईलच असं नाही.

उंच, डबा आकाराच्या छोट्या गाड्या बैठक उंच असल्यामुळेच मोठ्या वाटतात. जपानच्या केई गाड्यांना, म्हणजे तिथल्या सर्वात छोट्या वर्गातल्या गाड्यांना, लांबी 3.4 मीटर आणि रुंदी 1.48 मीटर एवढीच मुभा आहे, तरी मागे मोठी माणसं नीट बसतात. माणूस खुर्चीत बसल्यासारखा ताठ बसला की पाय पुढे न जाता खाली जातात आणि लांबी वाचते. उंच बैठकीवर चढ-उतारही सोपा; गुडघे दुखणाऱ्यांसाठी तर मी इतर सगळं सोडून हेच पाहीन.

आणखी एक गोष्ट हमखास राहते: चवड्यांची जागा. पाय पुढच्या सीटखाली सरकले तर मांडीचा कोन सुधारतो, कमी उंचीची बैठकही सुसह्य होते. पण चालकाची सीट वर-खाली होणारी असेल तर ती तळाला नेऊन पाहा. पुष्कळ गाड्यांत तेव्हा ती फट बंद होते आणि बूट आत जात नाही.

सीटच्या मऊपणावर भाळू नका. मऊ गादी पहिल्या दोन मिनिटांत सुखावते आणि नंतर बूड खाली टेकतं. मूठ दाबून फोम कुठवर जातो ते पाहा, मग निदान पंधरा-वीस मिनिटं फोन बाजूला ठेवून बसा. अंगाचा कुठला भाग आधी हलायला मागतो, तिकडे लक्ष द्या.

डोक्यावर चार बोटं मोकळी हवीत. सनरूफ असलेल्या आणि नसलेल्या मॉडेलमध्ये फरक पडतो, म्हणून जे घेणार तेच मॉडेल तपासा. मागे तिघं बसणार असतील तर तिघांना प्रत्यक्ष बसवून दारं लावा. मधल्याला विचारा, बाकीच्यांना नको. तो हो म्हणणार नाही. छोट्या गाडीत मागे दोन मोठे आणि एक मूल, यापलीकडे आशा धरू नये.

डिकीचे लिटर मोजताना कुणी पार्सल ट्रेपर्यंत (डिकीवरच्या झाकणापर्यंत) मोजतं, कुणी छतापर्यंत. तुमची मोठी बॅग घेऊन जा, ठेवून पाहा, झालं.

शेवटी टेस्ट ड्राइव्ह, आणि त्यातला अर्धा वेळ मागच्या सीटवर बसून. खड्डे असलेला रस्ता निवडा. मागची सीट चाकांच्या आसाच्या जवळ असते, त्यामुळे पुढे न जाणवलेला दणका तिथे थेट कंबरेत येतो.