गिअरबॉक्स उतरवायच्या आधी: जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा बिघाड घरी कसा ओळखावा

सिग्नलला ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर ‘एन’मधून (न्यूट्रल) ‘डी’मध्ये (ड्राइव्ह) टाकला की खालून ‘ठक्’. आमच्या चौदा वर्षांच्या ऑटोमॅटिक हॅचबॅकने हे सुरू केलं तेव्हा मिस्त्रींनी बॉनेटही न उघडता निकाल दिला, “गिअरबॉक्स गेलाय, उतरवावा लागेल.” निघालं काय, तर इंजिनाचं एक माउंटिंग. रबर फाटून लोंबत होतं. तेव्हापासून गॅरेज गाठायच्या आधी मी तासभर घरीच घालवतो. लागतं काय? पांढरा टिश्यू पेपर, टॉर्च, वही आणि लिव्हर हलवायला घरचं एक माणूस.

आधी जात ओळखा

क्लच पेडल नाही म्हणून सगळ्या ऑटोमॅटिक सारख्या नसतात. २०१४मध्ये सेलेरिओबरोबर आपल्याकडे एएमटी आली. तिच्या पोटात साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, क्लच दाबायचं काम फक्त यंत्र करतं. लिव्हरवर ‘पी’ (पार्किंग) नसेल तर गाडी बहुधा एएमटी समजा. सीव्हीटी या दुसऱ्या जातीचं तंत्र पट्टा आणि पुलीवर चालतं. या लेखातलं पुढचं सगळं टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग), म्हणजे चार-पाच गिअरच्या जुन्या ऑटोमॅटिकबद्दल आहे.

वहीत लिहा

“गाडी झटके मारते” एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही. सकाळी थंड असताना की अर्धा तास चालल्यावर? कितीव्या गिअरला? चढावर की सपाटीवर? रिव्हर्सलाही होतं का? थंडीत गिअर उशिरा पडतो आणि गरम झाल्यावर सुरळीत चालतो, तेव्हा आतले रबरी सील कडक झाल्याचा संशय घ्यावा. उलट थंड असताना ठणठणीत आणि घाट चढून गरम झाली की स्लिप (रेस वाढते, पण गिअर नीट धरत नाही), हे जास्त काळजीचं. पातळ झालेलं ऑइल झिजलेल्या सीलमधून निसटतं आणि गिअरबॉक्सच्या आतल्या क्लचवर पुरेसा दाब राहत नाही.

ऑइल

सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून आणा, सपाट जागी उभी करा आणि हँडब्रेक ओढा. ब्रेक दाबून ठेवून लिव्हर प्रत्येक खुणेवर दोन-तीन सेकंद थांबवत फिरवा आणि परत ‘पी’वर आणा. इंजिन चालू असतानाच गिअरबॉक्सची डिपस्टिक काढा, पुसा, पुन्हा बुडवून काढा आणि ‘हॉट’च्या खुणेशी ताडून पाहा. काही गाड्यांत ‘एन’वर तपासतात, होंडाच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत इंजिन बंद करून. त्यामुळे मॅन्युअल आधी वाचा. डिपस्टिकच नसेल तर हे काम गाडी वर उचलून करावं लागतं. ते मिस्त्रींवर सोडा.

आता एक थेंब टिश्यूवर टाका. लालसर, आरपार दिसणारा डाग म्हणजे ठीक. तपकिरी असला तरी लगेच घाबरू नका, ऑइल जुनं झालंय. पण काळपट रंग आणि करपलेला वास आला, तर क्लचच्या चकत्या जळाल्यात. डिपस्टिकवर चमचमणारे कण दिसणंही वाईटच. आणि दुधाळ, गुलाबी मिल्कशेकसारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय: एक तर रेडिएटरमधला ऑइल कूलर फुटला असेल, नाहीतर गाडी कधीतरी पुरात बुडाली असेल. गाडी सेकंडहँड घेतलेली असेल तर २०१९च्या सांगली-कोल्हापूरच्या किंवा २०२१च्या चिपळूणच्या पुराच्या वेळी ती कुठे उभी होती, हे विचारायला लाजू नका. दुधाळ ऑइल दिसलं की इंजिन बंद करा आणि गाडी पुन्हा सुरूच करू नका.

पातळी कमी असेल तर ते ऑइल गेलं कुठे ते शोधा, कारण इंजिन ऑइलसारखं हे जळून कमी होत नाही. कमी म्हणजे गळती. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा. भरताना मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या प्रकाराचंच ऑइल घ्या. दुकानदाराचं “सगळ्यात चालतं” ऐकू नका, आणि जास्तही भरू नका. त्याला फेस येतो आणि गिअर पुन्हा स्लिप होतात.

उभ्या गाडीची तपासणी

बॉनेट उघडा आणि गाडीच्या बाजूला उभे राहा, समोर अजिबात नको. घरच्या माणसाला ब्रेक घट्ट दाबून ‘एन’मधून ‘डी’, मग ‘आर’ टाकायला सांगा. इंजिन भलतंच उसळी मारत असेल तर आधी माउंटिंग पाहा. गिअर साधारण सेकंदाभरात धरायला हवा. दोन सेकंदांच्या वर लागले तर ऑइल किंवा आतला दाब कमी आहे. आयडलिंगचे आरपीएम वाढलेले असले तरी ‘ठक्’ होतं, मग थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ करून बघा. लिव्हर ‘पी’मधून हलतच नसेल तर ब्रेक लाइट लागतात का ते पाहा. कित्येकदा दोष ब्रेकच्या छोट्या स्विचचा असतो. बॅटरीची टोकंही घासून घ्या, कारण व्होल्टेज कमी पडलं की गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर गोंधळतो.

रस्त्यावर

मोकळा रस्ता निवडा. रेस वाढते, आरपीएम चढतात, पण वेग वाढत नाही, हे स्लिप होणं. गाडी सिग्नलवरून कण्हत निघते आणि गिअर बदलतच नाही, तर ती लिम्प मोडमध्ये आहे. म्हणजे दोष सापडल्यावर कॉम्प्युटरने तिला एकाच गिअरला, बहुधा तिसऱ्याला, अडकवून ठेवलंय.

साठ-सत्तरच्या स्थिर वेगाला खडबडीत रस्त्यावरून गेल्यासारखी थरथर येत असेल तर मागे गाडी नाही हे पाहून ब्रेकला नुसता स्पर्श करा. बहुतेक गाड्यांत त्याने टॉर्क कन्व्हर्टरचं लॉक-अप (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा आतला क्लच) सुटतं. थरथर तत्क्षणी थांबली तर संशय लॉक-अपवर. चढावर रेस दिल्यावर ती वाढत असेल तर आधी प्लग आणि इग्निशन कॉइल तपासा. मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं, गिअरबॉक्सच्या बिघाडाची हुबेहूब नक्कल करतो.

स्कॅनर

स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लागणारा ब्लूटूथ स्कॅनर स्वस्तात मिळतो. पण पी ०७०० एवढाच कोड आला तर त्याचा अर्थ “गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे तक्रार आहे” इतकाच. खरा कोड वाचायला गॅरेजचा मोठा स्कॅनर लागतो. पी ०७१५ आणि पी ०७२० हे स्पीड सेन्सरच्या सर्किटचे, पी ०७५०च्या आसपासचे सोलेनॉइडचे (गिअर बदलायला ऑइलची वाट उघडणाऱ्या विजेवरच्या झडपा). यातली बरीच कामं अख्खा बॉक्स न उघडता होतात. कोड पुसायच्या आधी फोटो काढून ठेवा.

गॅरेजमध्ये

वही आणि टिश्यू दोन्ही घेऊन जा. ऑइल पॅन काढतील तेव्हा जवळ उभे राहा. चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप असणारच, ती नेहमीची झीज आहे. बोटांना टोचणारे धातूचे तुकडे निघाले तर मात्र बॉक्स उतरवण्याला पर्याय नाही. ऑइल वर्षानुवर्षं बदललेलंच नसेल तर मशीनने फ्लशिंग (दाबाने जुनं ऑइल ढकलून काढणं) करायला मी तयार होत नाही. साधं ड्रेन करून पुन्हा भरलं तरी जुन्यातलं बरंच ऑइल कन्व्हर्टरमध्ये राहतं, म्हणून हजारेक किलोमीटरनंतर तेच पुन्हा करायचं.

गाडी वाटेत बंद पडली तर दोरीने ओढत नेऊ नका. इंजिन बंद असताना चाकं फिरली की गिअरबॉक्सला ऑइल मिळत नाही. गाडी वर चढवून नेणारा फ्लॅटबेड ट्रक मागवा.