केळीच्या सालीपासून बायोडिझेलसाठी उत्प्रेरक कसा तयार करावा

सोलापूर डाळिंबासाठी प्रसिद्ध असले, तरी या कामासाठी मी केळीच्या सालीचीच शिफारस करेन. तिच्या राखेत पोटॅशियम भरपूर असते आणि ज्या अभिक्रियेतून बायोडिझेल बनते ती वनस्पती तेल व मिथेनॉल यांची अभिक्रिया घडवून आणतात ती मुख्यतः पोटॅशियमची ऑक्साइड व कार्बोनेट ही संयुगे. करमाळा भागात केळीची लागवड मोठी असल्याने वेफर्स करणाऱ्यांकडे साली सहज मिळतात.

साली धुऊन बोटभर तुकडे करावेत आणि वैशाखातील कडक उन्हात इतके वाळवावेत की वाकवताच मोडले पाहिजेत. नंतर ते १०५ अंश सेल्सिअसला ओव्हनमध्ये ठेवावेत, कारण राहिलेला ओलावा पुढे नडतो. धूर निघून जाईल अशा उघड्या जागी आधी जाळून घेतलेला हा माल मुशीत घालून मफल भट्टीत (प्रयोगशाळेतील बंद, उच्च तापमानाच्या भट्टीत) ७०० अंशांवर चार तास भाजावा. राख काळी दिसली तर कोळसा शिल्लक आहे असे समजून, ती राखाडी-पांढरी होईपर्यंत भाजणे चालू ठेवावे. तयार राख हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड झपाट्याने शोषते. म्हणून ती थंड होताच हवाबंद बरणीत भरावी. राख दाहक अल्कली असल्याने हातमोजे आणि चष्मा वापरावा.

करडईचे किंवा तळणीचे तेल गाळून, ११० अंशांपर्यंत तापवून बुडबुडे थांबेपर्यंत कोरडे करावे. तेलाचे आम्लमूल्य (एक ग्रॅम तेलातील मुक्त आम्ल उदासीन करण्यास लागणारे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, मिलिग्रॅममध्ये) २ च्या वर असेल, तर ते तेल सरळ वापरू नये, अन्यथा बायोडिझेलऐवजी साबणच हाती येतो.

अर्धा लिटर तेलाला साधारण १४ ग्रॅम राख आणि १९० मिलिलिटर मिथेनॉल घ्यावे. मिथेनॉल विषारी व अत्यंत ज्वालाग्राही आहे, त्याच्या वाफेने दृष्टीही जाऊ शकते. त्यामुळे हे काम घरी नव्हे, तर महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत फ्यूम हूडखाली (वाफ बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात) आणि उघड्या ज्योतीशिवाय करावे. संघनक (वाफ थंड करून परत द्रव करणारी नळी) जोडलेल्या फ्लास्कमध्ये मिश्रण ६० ते ६५ अंशांवर दोन तास सतत ढवळावे. राख गाळून मिश्रण रात्रभर ठेवल्यावर ग्लिसरिन तळाशी बसते. ते काढून टाकावे, वरच्या थरातील मिथेनॉल वेगळे करावे आणि तो थर कोमट पाण्याने हलक्या हाताने धुवावा; जोरात हलवल्यास दुधाळ मिश्रण होऊन थर वेगळे होत नाहीत.

अभिक्रिया पुरी झाली का, हे पाहण्यासाठी ३ मिलिलिटर कोरडे बायोडिझेल २७ मिलिलिटर मिथेनॉलमध्ये मिसळावे. तळाशी तेलाचे थेंब साचले तर अभिक्रिया अपुरी आहे. ही चाचणी २० अंशांच्या आसपास करावी; सोलापूरच्या उन्हाळ्यातील गरम खोलीत ती फसवी ठरू शकते.

गाळलेली राख मिथेनॉलने धुऊन, ते पूर्ण उडू देऊन पुन्हा भाजल्यास परत वापरता येते. मात्र दर वेळी थोडे पोटॅशियम ग्लिसरिनात विरघळून जात असल्याने, उतारा घटू लागताच ताजी राख मिसळावी.