शब्द पाठ, तरी उतारा चुकतो: इंग्रजी वाचनातल्या या चुका टाळा

"शब्द तं सारे येते सर, पॅसेजच चुकते." तालुक्याच्या अभ्यासिकेत ही तक्रार नेहमी ऐकू येते, आणि ती करणारी मुलं कच्ची नसतात. पदवी झालेली असते, व्याकरण पक्कं असतं, वहीत शेकडो शब्द अर्थासह उतरवलेले असतात. तरी उताऱ्याखालच्या पाच प्रश्नांपैकी तीन हातचे जातात. त्यांच्यासोबत बसून एकेक चुकलेलं उत्तर उलगडलं, की कठीण शब्द हे कारण फार थोड्या वेळा निघतं. बहुतेकदा घात ओळखीच्या शब्दांनी केलेला असतो, नाहीतर वाक्याच्या बांधणीनं.

हे सुधारण्यासारखं आहे आणि सुधारलंच पाहिजे. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेतला सीसॅटचा, म्हणजे पात्रतेपुरता असलेला दुसरा पेपर २०० गुणांचा, ८० प्रश्नांचा. त्यात ३३ टक्के मिळाले नाहीत, तर पहिला पेपर कितीही चांगला गेला तरी उपयोग नाही. उतारे इंग्रजी आणि हिंदीत येतात, मराठीत येत नाहीत. चुकलेल्या उत्तरामागे त्या प्रश्नाच्या एक तृतीयांश गुण कापले जातात. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलानं हा पेपर 'पात्रतेपुरता तर आहे' म्हणून शेवटच्या महिन्यावर ढकलणं मला धोक्याचं वाटतं.

दुर्मीळ शब्दांच्या याद्या

वर्षातून एकदा भेटणारे शब्द पाठ करण्यात मुलांचा फार वेळ जातो. मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली साधारण दोन हजार नेहमीच्या शब्दांची यादी काढली. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अभ्यासाच्या लेखनात वारंवार येणारी ५७० शब्दकुटुंबं (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुटुंब) वेगळी काढली. त्यांच्या पाहणीत अशा लेखनातले सुमारे १० टक्के शब्द या ५७० कुटुंबांतलेच निघाले. ही दुसरी यादी इंटरनेटवर फुकट मिळते. दुर्मीळ शब्दांच्या जाड पुस्तकाआधी ती हाताखालून गेली पाहिजे.

आपल्याला पेलेल असा मजकूर निवडण्यासाठी एक माप आहे. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या मते, शब्दकोश न उघडता नीट समजायला मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत. म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच अनोळखी. पान समोर घ्या, अनोळखी शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ मारा आणि मोजा. एखाद-दुसरी रेघ वाढली तर चालेल, पण वीस शब्दांमागे एकाहून जास्त रेघा आल्या, तर तो मजकूर आज तुमच्यासाठी जड आहे. तो बाजूला ठेवून थोडा सोपा घ्या. त्यात कमीपणा काही नाही. जड मजकुराशी महिनाभर झगडण्यापेक्षा पेलणारा मजकूर रोज वाचल्यानं शब्द लवकर अंगवळणी पडतात.

'हा तर येतो' म्हणून सोडलेले शब्द

'आउटस्टँडिंग' म्हणजे उत्कृष्ट, हे सातवीतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण पीककर्जावरच्या उताऱ्यात 'आउटस्टँडिंग लोन' आलं की ते फेडायचं बाकी असलेलं कर्ज असतं. 'ॲड्रेस' म्हणजे पत्ता, पण सरकार एखादी समस्या 'ॲड्रेस' करतं तेव्हा ती सोडवायला हात घालतं. 'क्वालिफाइड सपोर्ट' हा पात्र माणसाचा पाठिंबा नव्हे, तो अटी घालून दिलेला पाठिंबा. रुपया 'अप्रिशिएट' होतो तेव्हा त्याचं कोणी कौतुक करत नाही, त्याचं मूल्य वधारतं. 'सँक्शन' हा शब्द तर मंजुरीही सांगतो आणि निर्बंधही, आणि यातलं काय हे आजूबाजूच्या वाक्यांवरूनच ठरतं.

सगळ्यांत जास्त फसवतो तो 'डाउट'. आपण तो रोज मराठीत वापरतो. 'मला एक डाउट आहे' म्हणजे मला काही विचारायचं आहे. शिवाय 'त्यानंच चोरी केली असा मला संशय आहे' या वाक्यातल्या संशयालाही मुलं 'डाउट'च म्हणतात. इंग्रजीत मात्र 'आय डाउट दॅट ही स्टोल इट' याचा अर्थ त्यानं चोरी केली असेल असं मला वाटत नाही. केली असावी असं म्हणायचं असेल, तर तिथे 'सस्पेक्ट' येतं. मराठीतला एकच संशय इंग्रजीत दोन उलट दिशांना जातो. लेखकाची भूमिका विचारणाऱ्या प्रश्नात एवढ्या एका शब्दानं अख्खं उत्तर फिरतं.

म्हणून वहीत नुसता शब्द आणि त्यापुढे एक मराठी अर्थ असं लिहिणं सोडा. जिथे तो शब्द भेटला ते पूर्ण वाक्य उतरवा. शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश मोबाइलमध्ये ऑफलाइन उतरवून ठेवा, रेंज गेली तरी चालतो. त्यात पहिल्या अर्थावर थांबू नका.

चिमूटभर शब्द, मोठा फरक

'अ फ्यू' म्हणजे काही थोडे तरी आहेत. नुसतं 'फ्यू' म्हणजे जवळपास नाहीतच. 'ऑल बट एक्स्टिंक्ट' म्हणजे नामशेष झाल्यात जमा, पण 'एनिथिंग बट सिंपल' म्हणजे सोपं तर मुळीच नाही. 'व्हाइल' दर वेळी 'जेव्हा' नसतं, अनेकदा ते दोन गोष्टींतला विरोध दाखवतं. 'सिन्स' कारणही सांगतं. वाचताना डोळा मोठ्या शब्दांकडे धावतो आणि हे मधले शब्द गाळतो. प्रश्न काढणारा मात्र नेमका इथेच पर्याय लावून बसलेला असतो.

वाक्याचं मुख्य क्रियापद

माझ्या मते इथे मुलं सगळ्यांत जास्त गुण गमावतात, आणि शिकवणी वर्गात याकडे सगळ्यांत कमी लक्ष दिलं जातं. हे वाक्य घ्या: 'द फार्मर्स डिनाइड लोन्स बाय द बँक टर्न्ड टू मनीलेंडर्स.' घाईत वाचलं की 'शेतकऱ्यांनी कर्ज नाकारलं' असा अर्थ मनात बसतो आणि पुढे सगळा गोंधळ. खरा अर्थ असा, की बँकेनं ज्यांना कर्ज नाकारलं ते शेतकरी सावकाराकडे वळले. मुख्य क्रियापद 'टर्न्ड' आहे. 'डिनाइड' फक्त कोणते शेतकरी ते सांगतं.

मराठीत असं वर्णन नामाच्या आधी येतं: 'बँकेनं कर्ज नाकारलेले शेतकरी'. क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे आपण ते शेवटाला शोधतो. इंग्रजी हे वर्णन नामाच्या मागे जोडते, तेही 'हू' किंवा 'विच' गाळून. त्यामुळे पहिलंच क्रियापदासारखं दिसणारं रूप खरं क्रियापद वाटतं. उपाय सवयीचा आहे. लांब वाक्य आलं की आधी कर्ता धरा, मग 'त्यानं अखेर काय केलं' एवढंच शोधा. मधला मजकूर पेन्सिलीनं कंसात टाका. रोज अशी पाच वाक्यं सोडवलीत, तर पुढे पेन्सिल न उचलताही डोळा आपोआप तो कंस घालू लागतो.

घरचं ज्ञान उताऱ्यात घुसवणं

विषय ओळखीचा असला की वाचन सोपं जातं, हे खरंच आहे. १९८८ साली अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली यांनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा ते वर्णन अधिक चांगलं समजून गेली. आपल्याकडचा फायदा घ्यायचा तो असा. सुरुवात इंग्लंडच्या हवामानापासून कशाला? लोणारच्या सरोवरावर इंग्रजीत वाचा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरोघरी केलेल्या नवजात बालकांच्या काळजीवर वाचा. मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला २००९ साली मिळालेल्या सामूहिक वनहक्कावर वाचा. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी सुरू केलेलं 'हितवाद' हे इंग्रजी वर्तमानपत्र नागपूरहून आजही निघतं. त्यातली आपल्या जिल्ह्याची बातमी आधी मराठी पेपरात वाचून मग इंग्रजीत वाचली, तर शब्दकोश क्वचितच लागतो.

पण परीक्षेत हीच ओळख उलटते. समजा उतारा गुलाबी बोंडअळीवर आहे. भारतात बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली, पुढे अळीत बीटी कापसातल्या विषाला दाद न देण्याची ताकद आली, एवढंच त्यात लिहिलं आहे. प्रश्न येतो नुकसानीच्या कारणाचा, आणि एका पर्यायात 'बोगस बियाणं' असतं. ज्याच्या बापाच्या वावरातली पऱ्हाटी अळीनं खाल्ली, तो मुलगा त्याच पर्यायावर खूण करतो. त्याचा अनुभव खोटा नाही, पण उताऱ्यात तो कुठेच नाही. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत तर यासाठी 'नॉट गिव्हन' असा वेगळाच पर्याय असतो, आणि बरीच मुलं 'फॉल्स' आणि 'नॉट गिव्हन' यांतच अडकतात. मजकूर विधानाच्या विरुद्ध बोलत असेल तर 'फॉल्स'. त्याबद्दल गप्प असेल तर 'नॉट गिव्हन'. प्रत्येक उत्तरासाठी उताऱ्यातल्या ओळीवर बोट ठेवता आलं पाहिजे. बोट ठेवायला ओळ सापडली नाही, तर तो पर्याय सोडा.

लेखक किती ठामपणे बोलतो, हेही याच ओघात पाहा. लोणारच्या विवराचं वय एका पद्धतीनं सुमारे ५२ हजार वर्षं येतं, तर दुसऱ्या पद्धतीनं सुमारे ५ लाख ७० हजार. म्हणून चांगला लेखक तिथे 'सजेस्ट्स', 'इज एस्टिमेटेड', 'मे' असे सावध शब्द वापरतो. असा मजकूर वाचून 'वय सिद्ध झालं आहे' हा पर्याय निवडला, तर उत्तर चुकलंच. 'ऑलवेज', 'ओन्ली', 'प्रूव्ह्ज' असलेला पर्याय दिसला, की उताऱ्यात तितकं ठाम विधान खरंच आहे का ते परत जाऊन बघा.

नेमकं कुठे अडतं ते कसं ओळखाल

चुकलेला उतारा दोन दिवसांनी घड्याळ न लावता पुन्हा सोडवा. आता उत्तरं बरोबर आली, तर भाषा ठीक आहे, वेग कमी पडतो. तेव्हा पेलणारा मजकूर भरपूर वाचा, मनातल्या मनात प्रत्येक शब्दाचं मराठी करू नका. तरीही चुकली, तर उतारा मिटून शेजारच्या मित्राला त्यातलं म्हणणं मराठीत सांगा. सांगता आलं नाही, तर मुख्य क्रियापदांच्या सरावाकडे परत या. सांगता आलं आणि तरी उत्तर चुकलं, तर उतारा तुम्हाला समजला आहे, चूक पर्याय वाचण्यात आहे. मग आठवडाभर नवे उतारे घेऊ नका. जुनेच काढा आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे तो का चूक आहे ते एका ओळीत लिहा: उताऱ्यात नाही, जास्त ठाम आहे, किंवा अर्धाच खरा आहे.