लुईज फारांक यांचा नोनेट ऐकताना

चर्चमधील व्हायोलिन आणि देवळातील भजन एकाच गावात ऐकत वाढलेल्या गोमंतकीय श्रोत्याला पाश्चात्त्य संगीत परके नसते. तरीही लुईज फारांक (१८०४–१८७५) या फ्रेंच संगीतकर्तीकडे वळताना मोठ्या वाद्यवृंदाच्या सिंफनीऐवजी १८४९ च्या नोनेटपासून, म्हणजे नऊ वाद्यांच्या रचनेपासून, आरंभ करावा, कारण त्यातील वाद्ये कानाला वेगवेगळी ओळखता येतात. व्हायोलिन, व्हिओला, चेलो व डबल बास ही चार तंतुवाद्ये. बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून आणि हॉर्न ही पाच फुंकवाद्ये.

पहिल्यांदा रचना सलग ऐकावी. नंतर केवळ दुसरा भाग घ्यावा: त्यात एक साधी चाल मांडून तिची निरनिराळी रूपे उलगडलेली आहेत, त्यामुळे मूळ चाल गुणगुणता येईपर्यंत पुढे जाऊ नये. रागविस्ताराची सवय असलेला कान येथे एकट्या सुरावटीमागे धावतो आणि फसतो. म्हणून एक फेरी मुद्दाम डबल बासच्या खर्जाकडे लक्ष देऊन ऐकावी, म्हणजे वरच्या स्वरांखालील आधार कसा बदलतो ते कळते. तिसऱ्या भागाच्या आरंभी तारा बोटांनी छेडलेल्या ऐकू येतात.

पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरी या संगीतविद्यालयात १८४२ पासून पियानो शिकवणाऱ्या फारांक यांना पुरुष सहकाऱ्यांइतके वेतन मिळाले, ते या रचनेच्या १८५० मधील यशस्वी सादरीकरणानंतरच. त्यात व्हायोलिन पुढे नामवंत वादक ठरलेल्या तरुण योसेफ योआखिम यांनी वाजवले होते. हेडफोन मात्र बरा असावा. पावसाळ्यात पत्र्यावरच्या सरींत बसून या वाद्याचा आवाज हरवतो.