तीन यार्डं, गूगलवर दिसतं एकच: ठाणे-नवी मुंबईतल्या सेकंड हँड कार डीलरांनो, या चुका टाळा

घोडबंदर रोडवर राहणारा माणूस फोनवर ‘सेकंड हँड कार निअर मी’ टाइप करतो, तेव्हा गूगल त्याच्यासमोर एक छोटा नकाशा आणि बहुतेक वेळा तीन दुकानं ठेवतं. ही दुकानं कशी निवडली जातात, याचे निकष गूगलनेच जाहीर केले आहेत: शोधाशी जुळणी, शोधणाऱ्यापासूनचं अंतर आणि दुकानाचा बोलबाला. यात ‘ग्रुप’ कुठेच नाही. तुमची वाशी, कळंबोली आणि कासारवडवली अशी तीन यार्डं असतील, तर गूगलच्या हिशेबी ती तीन वेगळी दुकानं आहेत आणि प्रत्येकाने आपल्या परिसरात आपलं बस्तान स्वतःच बसवायचं आहे. बहुतेक डीलरांचं गाडं इथेच अडतं. हेड ऑफिसच्या सोयीसाठी तिन्ही यार्डांना एकच नंबर, एकच पान, एकच लिंक दिली जाते. नाहीतर उलटा खेळ चालतो आणि एका यार्डाची पाच यार्डं दाखवली जातात.

नावाला शेपूट लावू नका

बोर्डावर दोन शब्दांचं नाव आणि गूगल बिझनेस प्रोफाइलवर (नकाशात दुकानाचं नाव, पत्ता, नंबर दाखवणाऱ्या गूगलच्या नोंदीवर) त्यापुढे ‘बेस्ट सेकंड हँड कार्स इन ठाणे, लोन अव्हेलेबल’. खोटं कशाला बोला, अशा नावाचा काही काळ फायदा होतो. म्हणून तर सगळे तेच करतात. पण नियम सरळ आहे: बोर्डावर आणि बिलावर जे नाव, तेच प्रोफाइलवर. शेजारच्या यार्डवाल्याने बदल सुचवला की शेपूट कापली जाते, आणि नशीब वाईट असेल तर पूर्ण प्रोफाइल निलंबित होतं. तिन्ही यार्डांचं नाव अक्षरशः एकच ठेवा. कुठलं यार्ड हे पत्ता सांगतो, त्यासाठी नावात ‘वाशी ब्रँच’ घालायची गरज नाही.

प्रवर्गाचंही (कॅटेगरीचंही) बघून घ्या. मुख्य प्रवर्ग नुसता ‘कार डीलर’ ठेवलेला असतो. तिथे ‘यूज्ड कार डीलर’ हवा. जोडीला आणखी नऊ प्रवर्ग टाकता येतात म्हणून गॅरेज, इन्शुरन्स, रेंट अ कार असं सगळं भरू नका. जे काम त्या यार्डात खरंच होतं तेवढंच लिहा.

पत्ता: सगळ्यात जास्त गोंधळ इथे

नवी मुंबईत सेक्टरचे आकडे प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे वाशी, खारघर अशा प्रत्येक उपनगरात, पुन्हा एकपासून सुरू होतात. सेक्टर १७ वाशीतही आहे आणि खारघरमध्येही. ‘प्लॉट नंबर अमुक, सेक्टर १७, नवी मुंबई’ एवढंच लिहिलं तर नकाशावरची पिन कुठे जाऊन बसेल याचा नेम नाही. नोडचं नाव आणि पिनकोड दोन्ही लिहा: वाशी ४००७०३, नेरूळ ४००७०६, खारघर ४१०२१०, कळंबोली ४१०२१८. खारघर, कामोठे, कळंबोली पनवेल महानगरपालिकेत येतात आणि जिल्हा रायगड लागतो. हेड ऑफिस वाशीत आहे म्हणून सगळीकडे ‘जिल्हा ठाणे’ छापलेलं दिसतं. जीएसटीवर एक, जस्टडायलवर दुसरा आणि गूगलवर तिसरा पत्ता असला की गूगललाही खात्री वाटत नाही आणि गिऱ्हाईकालाही.

पत्ता बरोबर असला तरी पिन स्वतः झूम करून गेटवर आणा. सायन-पनवेल हायवेवर किंवा घोडबंदर रोडवर पिन पलीकडच्या बाजूला पडली, तर टेस्ट ड्राइव्हला निघालेला माणूस पुढच्या यू-टर्नपर्यंत जातो, ट्रॅफिकमध्ये अडकतो आणि वाटेत दिसलेल्या दुसऱ्याच यार्डात शिरतो. यार्डात जायला सर्व्हिस रोडनेच यावं लागत असेल, तर तुमच्या वेबसाइटवर त्या यार्डाच्या पानावर तसं स्पष्ट लिहा.

आता या धंद्याची खास अडचण. बरीचशी यार्डं भाड्याच्या मोकळ्या प्लॉटवर असतात, अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर. जागामालकाने भाडं वाढवलं किंवा प्लॉट बिल्डरला दिला की यार्ड उचलून दोन किलोमीटरवर जातं. तिथे गेल्यावर मुलगा उत्साहाने नवीन प्रोफाइल उघडतो. जुनं तसंच राहतं, जुन्या रिव्ह्यूंसकट आणि ‘सुरू आहे’ असं सांगत. गिऱ्हाईक रिकाम्या प्लॉटवर जाऊन परत येतं आणि तिथूनच एक स्टार देतं.

तोच धंदा नवीन जागी गेला असेल तर जुन्याच प्रोफाइलमध्ये पत्ता बदला. गूगल पुन्हा पडताळणी मागेल, ती करून द्या. साधारणपणे रिव्ह्यू सोबत येतात. दोन प्रोफाइल आधीच झाली असतील तर एक घाईने डिलीट करू नका. दोन्ही एकाच खात्याखाली आणा आणि सपोर्टकडे ती एकत्र करण्याची विनंती करा.

मित्राच्या गाळ्याचा पत्ता देऊन नेरूळ, ऐरोली, घणसोलीत ‘ब्रँच’ उघडण्याचा मोह मात्र आवरा. व्हर्च्युअल ऑफिस चालत नाही. आता पडताळणी बहुतेक वेळा व्हिडिओवर होते, आणि त्यात रस्ता, आजूबाजूची दुकानं, नावाचा बोर्ड, आतला स्टॉक आणि तुम्ही स्वतः कुलूप उघडताना हे सगळं एका सलग चित्रीकरणात दाखवावं लागतं. फ्लेक्स बांधून वेळ मारून नेऊ म्हणाल तर तेही धोक्याचं, कारण दुकानाला कायमचा बोर्ड असावा अशी गूगलची अपेक्षा आहे. ऐरोलीत यार्ड नाही तर ऐरोलीच्या नकाशात वर येण्याचा नाद सोडून द्या. तिथे जाहिरातीचे पैसे खर्च करणं त्यापेक्षा स्वस्त पडतं.

नंबर आणि खातं सेल्समनच्या खिशात

तिन्ही यार्डांना कॉल सेंटरचा एकच नंबर दिला की कोणतं यार्ड चालतंय हे कधीच कळत नाही. प्रत्येक यार्डाला स्वतःचा नंबर द्या, आणि ते सिम कंपनीच्या नावावर असू द्या. सेल्समन नोकरी सोडून रस्त्यापलीकडच्या यार्डात गेला आणि नंबर त्याचाच असेल, तर पुढची काही वर्षं तुमच्या प्रोफाइलवरून त्याला फोन जात राहतील.

खात्याचीही तीच कथा. प्रोफाइल बनवून देणाऱ्या एजन्सीच्या किंवा गेलेल्या मॅनेजरच्या जीमेलवर प्राथमिक मालकी असते आणि मालकाला पत्ताच नसतो. आजच उघडून बघा. मालकी तुमच्याकडे नसेल तर गूगलवरून मागणी करता येते. सध्याच्या मालकाला उत्तर द्यायला तीन दिवस मिळतात. सगळी यार्डं एका बिझनेस ग्रुपमध्ये (अनेक प्रोफाइल एकत्र सांभाळायच्या गूगलच्या सोयीत) ठेवा आणि यार्ड मॅनेजरला फक्त मॅनेजरचे अधिकार द्या. दहा किंवा त्याहून जास्त यार्डं असतील तर एकगठ्ठा पडताळणीसाठी अर्ज करता येतो.

रिव्ह्यू कधी मागता, ते महत्त्वाचं

डिलिव्हरीच्या दिवशी हार, पेढा, किल्ली आणि लगेच ‘साहेब, फाइव्ह स्टार टाका’. जुन्या गाडीच्या धंद्यात ही वेळ चुकीची आहे. गिऱ्हाईकाची खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. फॉर्म २९ आणि ३० भरले का, बँकेचा बोजा उतरला का, जुनी चलानं कोणी भरायची, आरसी नावावर कधी होणार? या यार्डांच्या वाईट रिव्ह्यूंत इंजिनपेक्षा आरसी ट्रान्सफरचा राग जास्त सापडतो. म्हणून नवीन आरसी हातात पडल्यावर फोन करा, काम झालं का विचारा आणि मग लिंक पाठवा. असा माणूस दोन ओळी जास्त लिहितो, आणि त्यात ‘वॅगनआर’, ‘कळंबोली’, ‘ट्रान्सफर वेळेत झाला’ असे शब्द आपसूक येतात.

लिंक त्याच यार्डाची पाठवा. हेड ऑफिसने बनवलेला एकच क्यूआर कोड सगळीकडे चिकटवला की वाशीकडे रिव्ह्यूंचा ढीग जमतो आणि कासारवडवली कोरडंच राहतं.

रिव्ह्यूच्या बदल्यात फुकट वॉशिंग, पेट्रोल, पाचशे रुपये असलं काही देऊ नका. गूगलच्या धोरणात ते बसत नाही. खूश गिऱ्हाइकालाच लिंक पाठवायची आणि नाराजाला गुपचूप बाजूला ठेवायचं, यालाही बंदी आहे. एका संध्याकाळी यार्डाच्या वायफायवरून स्टाफने टाकलेले रिव्ह्यू तर उडतातच. वाईट रिव्ह्यूला उत्तर देताना गाडीचा नंबर, गिऱ्हाईकाचा मोबाइल, लोनची भानगड असं काही उघड लिहू नका. चूक कुठे झाली आणि आता कुठल्या नंबरवर बोलायचं, एवढं दोन ओळींत पुरे. ते उत्तर वाचतो तो पुढचा गिऱ्हाईक, भांडणारा नव्हे.

वेबसाइट: एक पान कमी, चाळीस पानं जास्त

आधी एक किरकोळ तपासणी. गूगलने प्रोफाइलसोबत फुकट दिलेल्या ‘बिझनेस डॉट साइट’वाल्या वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या. अनेकांच्या व्हिजिटिंग कार्डावर अजून तोच पत्ता आहे.

दोन टोकांच्या चुका दिसतात. काहींच्या साइटवर ‘आमच्या शाखा’ म्हणून खाली तीन पत्ते असतात आणि तिन्ही प्रोफाइलची लिंक मुखपृष्ठावर येते. दुसरीकडे कोणीतरी सल्ला दिलेला असतो आणि ‘यूज्ड कार्स इन रबाळे’, ‘यूज्ड कार्स इन घणसोली’, ‘यूज्ड कार्स इन कोपरखैरणे’ अशी चाळीस पानं तयार होतात, ज्यांत फक्त गावाचं नाव बदललेलं असतं. गूगलच्या स्पॅम धोरणात अशा पानांसाठी वेगळा उल्लेख आहे. खऱ्या यार्डाला एक पान द्या, आणि त्या पानावर दुसऱ्या कुठल्याच यार्डाला लागू न होणारा मजकूर असू द्या: गेटचा फोटो, येण्याचा रस्ता, पार्किंग, रविवारच्या वेळा, तिथला नंबर, तिथला आजचा स्टॉक. प्रत्येक प्रोफाइलची लिंक आपापल्या पानावर न्या.

पासिंग लिहायला विसरू नका. आपल्याकडे गिऱ्हाईक किमतीच्या पाठोपाठ तेच विचारतं. ठाणे एमएच ०४, वाशी एमएच ४३, पनवेल एमएच ४६, कल्याण एमएच ०५. गाडीच्या पानावर मॉडेल, साल, इंधन, किलोमीटर, कितवा ओनर, पासिंग आणि किंमत हे अक्षरांत टाइप केलेलं हवं. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या रंगीबेरंगी पोस्टरमध्ये ही सगळी माहिती असते, पण चित्रात कोंबलेल्या मजकुरावर शोधात वर येण्याची आशा धरू नका. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे आरटीओकडून अधिकृत डीलरचं प्रमाणपत्र घेतलं असेल, तर तेही यार्डाच्या पानावर लावा.

विकलेल्या गाडीचं काय करायचं? तिचं पान ‘सोल्ड’ शिक्का मारून वर्षभर ठेवू नका आणि सगळी जुनी पानं मुखपृष्ठाकडेही वळवू नका. तशा वळवलेल्या पानांना गूगल ‘पान अस्तित्वात नाही’ असंच धरतं. काही दिवसांनी पान काढून टाका. टिकाऊ पान हवं तर मॉडेलचं करा, ‘कळंबोली यार्डातल्या वॅगनआर’ असं, म्हणजे गाड्या येत-जात राहतील आणि पान तसंच राहील.

वेळा

रविवारी सगळ्यात जास्त वॉक-इन, आणि प्रोफाइलवर रविवार बंद. गणपती, दसरा, पाडवा यांच्या विशेष वेळा आधीच भरून ठेवा. पितृपक्षात गिऱ्हाईक गाडीला हात लावत नाही, तेव्हा यार्ड रिकामं असतं. ही सगळी दुरुस्ती तेव्हाच उरकली तर नवरात्रापर्यंत पडताळणीचे सोपस्कारही आटोपतात.

वर आलो की नाही, हे बघायची रीत

यार्डात बसून स्वतःच्या फोनवर शोधलं तर पहिला नंबर दिसणारच. तुम्ही तिथेच उभे आहात! इनकॉग्निटोने फारसा फरक पडत नाही, कारण लोकेशन तेच राहतं. वाशीच्या यार्डासाठी सानपाड्याच्या, कोपरखैरण्याच्या, नेरूळच्या ओळखीच्यांना शोधायला सांगा आणि स्क्रीनशॉट मागवा. त्याहून भरवशाचं म्हणजे प्रोफाइलमधला परफॉर्मन्स विभाग. लोकांनी काय शोधलं, किती फोन आले, किती जणांनी रस्ता विचारला, हे तिथे यार्डवार मिळतं. दिसणं वाढलं पण रस्ता विचारणारे वाढले नाहीत, तर दोष बहुधा फोटोंत, रिव्ह्यूंत किंवा वेळांत आहे. दिसणंच वाढलं नाही तर प्रवर्ग, पत्ता आणि पान पुन्हा तपासा. वेबसाइटच्या लिंकला यार्डवार वेगळं यूटीएम (लिंकच्या शेवटी जोडायची ओळखखूण) लावलं की कोणत्या प्रोफाइलवरून माणूस आला तेही कळतं.

प्रोफाइल निलंबित झालं तर

पहिल्या दिवशी नवीन प्रोफाइल उघडू नका. त्याने प्रकरण आणखी चिघळतं. आधी चूक शोधा आणि दुरुस्त करा: फुगवलेलं नाव, खोटा पत्ता, दोनदा नोंदलेलं यार्ड. मग गूगलकडे अपील करण्यासाठी कागद जमवा. एका राज्यात एकाच जीएसटी क्रमांकावर अनेक जागा चालतात, पण प्रत्येक यार्ड ‘अतिरिक्त जागा’ म्हणून नोंदलेलं असेल तरच प्रमाणपत्राच्या जोडपत्रात त्याचा पत्ता येतो. अनेकांनी ही नोंद केलेलीच नसते आणि अपिलाच्या वेळी धावपळ होते. त्या यार्डाचा गुमास्ता, वीजबिल, भाडेकरार आणि बोर्डाचा फोटो जोडीला ठेवा. सगळीकडे नाव आणि पत्ता तंतोतंत जुळायला हवा. अपील भरायला लागल्यावर पुरावे जोडण्यासाठी तासाभराचाच वेळ मिळतो, म्हणून सगळे कागद आधी स्कॅन करून मगच बटण दाबा.