जुन्या बागेची माती: आधी थर बघा, मग खत टाका

सोलापूरची काळी माती सगळ्यांना ठाऊक आहे, पण जुन्या बागेत वरवर काळी दिसणारी माती बऱ्याचदा भराव असते. कारंजी, कट्टे, वाटा बांधताना राहिलेला राडारोडा तिथेच पसरलेला असतो. त्यामुळे अख्ख्या बागेला एकच उपाय चालत नाही.

भुईकोट किल्ल्यासारख्या संरक्षित वास्तूच्या आवारात पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय कुदळ मारू नका. इतरत्र झाडांच्या मुळ्या टाळून ६० सेंमी खोल खड्डा घ्या आणि त्याची एक बाजू खुरप्याने तासून थर बघा. पांढरे खडे दिसले तर अंगठ्याने दाबा. भुगा होऊन वाळू, विटेची कणी निघाली तर तो जुन्या बांधकामाचा चुना, म्हणजे हा भराव. टणक, गोलसर खडा असेल तर मातीतलीच चुनखडी. व्हिनेगर टाकून हा फरक कळत नाही, कारण फेस दोन्हींना येतो.

निचरा तपासायचा तो सप्टेंबरच्या पावसानंतर, वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना. मे महिन्यात भेगांतून पाणी भसकन जातं आणि निचरा उत्तम आहे असं वाटतं. ३० सेंमी खोल खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा तासाला १ सेंमीही उतरलं नाही, तर तिथे मुळ्या गुदमरतात.

नमुना प्रत्येक प्रकारच्या मातीचा वेगळा. ८-१० ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा २० सेंमी खड्डा घेऊन कडेची माती काढा, एकत्र करा, सावलीत वाळवा आणि अर्धा किलो प्रयोगशाळेत द्या. सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, मुक्त चुना आणि सोडियम, पाचही मागा.

चिकट मातीत घमेलंभर वाळू मिसळू नका. थोड्या वाळूने ती भुसभुशीत होत नाही, उलट घट्ट बसते. त्यापेक्षा दरवर्षी ५ सेंमी कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत वरून पसरा. जिप्सम फक्त अहवालात सोडियम जास्त निघालं तरच. चुनखडीवर तो उपाय नाही.

जुन्या वड-चिंचेखाली माती तुडवून दगडासारखी झाली असेल, तर बुंध्यापासून लांब, फांद्यांच्या घेराखाली ५ सेंमी रुंद, ३० सेंमी खोल भोकं हातगिरमिटाने दर ६० सेंमीवर पाडा. मूळ लागलं की जागा बदला. भोकं खताने भरा. बुंध्याभोवती मातीचा ढीग मात्र नको, साल कुजते.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर जास्त चुन्यामुळे लोह मिळत नाही असं समजा. अशा जमिनीत नुसतं हिराकस (फेरस सल्फेट) टाकलं तर वाया जातं. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस आणि चिमूटभर लिंबूसत्व घालून संध्याकाळी फवारा, १५ दिवसांनी पुन्हा.