गावच्या नाटकाला प्रॉम्प्टिंग कसं करावं

कुडाळ तालुक्यातल्या आमच्या गावात देवळाच्या वार्षिक उत्सवाला नाटक होतं. निम्मे नट गावातले, निम्मे मुंबईचे चाकरमानी. ते तिथे तालमी करतात, आम्ही इथे शाळेच्या पडवीत, आणि सगळ्यांची गाठ पडते ती प्रयोगाच्या दोन रात्री आधी. स्त्री पात्रं बाहेरून येतात, कधी तर प्रयोगाच्या दिवशी दुपारीच. अशा नाटकाला प्रॉम्प्टर, म्हणजे विंगेत बसून अडलेल्या नटाला पुढचा शब्द सांगणारा, लागतोच. मी सव्वीस वर्षं हे काम करते आहे. यंदा दोन मुली शिकायला बसल्या, त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते.

आधी प्रत. छापील पुस्तकावरून प्रॉम्प्टिंग करू नका. अक्षर बारीक असतं, पुस्तक सारखं मिटतं, कडेला लिहायला जागा नसते. लेखकाची परवानगी आणि मानधन हे आधीच झालेलं असावं. मग कामापुरती एक मोठी झेरॉक्स काढा, कागदाच्या एकाच बाजूला. डावीकडचं कोरं पान तुमच्या खुणांसाठी.

पानं शिवून घ्या. एका वर्षी मी क्लिपच्या पॅडला पानं लावून बसले होते. नटांना घाम येतो म्हणून कुणीतरी विंगेत उभा पंखा आणून लावला, आणि दुसऱ्या अंकात चार पानं सुटून थेट रंगमंचावर गेली. नायकाचं काम करणाऱ्या मुलाने बोलता बोलता ती उचलली, टेबलावरच्या कागदांत ठेवली आणि पुढची चार पानं पाठ म्हटली. तेव्हापासून मी दाभण आणि गोधडीचा दोरा वापरते. पान उलटताना आवाज होऊ नये म्हणून प्रत्येक पानाचा खालचा कोपरा जरासा दुमडून ठेवायचा.

तालमीला पहिल्या वाचनापासून जा. नुसतं प्रयोगाच्या रात्री पुस्तक घेऊन बसणारा माणूस वाचत राहतो, आणि नट अडला हे त्याला सगळ्यांत शेवटी कळतं. पहिल्या आठवड्यात पूर्ण वाक्यं द्या, नटाच्या कानात ती बसू देत. पुढे फक्त सुरुवात. शेवटच्या तीन तालमींत काहीच देऊ नका, तो घुटमळला तरी. तो स्वतः बाहेर कसा येतो ते बघा आणि कोऱ्या पानावर लिहून ठेवा. माझ्या खुणा साध्या आहेत: नट मुद्दाम थांबतो तिथे दोन उभ्या रेघा, नेहमी अडतो तिथे लाल गोल, कापलेल्या मजकुरावर आडवी पेन्सिल.

हे कापलेलं फार जपा. पूर्वी आमचं नाटक आरती, पालखी, जेवणं आटोपून साडेदहाला सुरू व्हायचं आणि अडीचला संपायचं. आता रात्री दहानंतर भोंगा बंद, खास परवानगी मिळाली तर बारापर्यंत. त्यामुळे तीन अंकी नाटक अडीच तासांत बसवण्यासाठी शेवटच्या दोन दिवसांत पानंच्या पानं उडवतात. पाठांतर आधीच झालेलं असतं. जीभ जुन्या वाटेनेच जाते. माझ्या हिशेबात नट कच्च्या पाठांतरापेक्षा अशा कापाकापीच्या जागी जास्त अडतात. बाहेरून आलेल्या बाईंनी तेच नाटक दुसऱ्या गावात केलेलं असतं आणि तिथे वेगळी पानं उडवलेली असतात. त्या आल्या की चहाच्या आधी त्यांच्याशेजारी बसा आणि प्रत्येक काट वाचून दाखवा.

आता मुख्य काम. नट गप्प झाला म्हणजे विसरलाच असं नाही. चांगल्या नटाची शांतता प्रॉम्प्टरने मध्ये शब्द टाकून मोडली, तर तो अपराध आहे असं मी मानते. फरक डोळ्यांत दिसतो. मुद्दाम थांबलेला माणूस समोरच्याकडे बघत असतो. विसरलेल्याची नजर कुठेच नसते, आणि त्याचा श्वास वर अडकतो. शिवाय प्रत्येकाची एक खूण असते. आमच्या गावच्या सोसायटीत काम करणारा एक नट विसरला की धोतराचा सोगा चाचपतो. दुसरा आवंढा गिळतो. एकजण पाठ फिरवून रंगमंचाच्या मागे चालू लागतो, तेव्हा समजायचं की पुढचं सगळंच गेलं. या सवयी तालमीतच टिपून घ्यायच्या.

काय द्यायचं? नट सांगतात, ‘बाई, माका पयलो शब्द दिया, फुडचा मी बघतंय.’ पण पहिला शब्द पुष्कळदा निरुपयोगी असतो. वाक्य असं धरा: ‘पण बाबा, त्या रात्री तुम्ही वाड्यावर गेला नसतात तर?’ इथे ‘पण बाबा’ देऊन काही उजेड पडत नाही, नाटकात दहा वाक्यं तशीच सुरू होतात. ‘वाड्यावर’ द्या. त्या एका शब्दाने सगळं वाक्य हाताशी येतं. एकदा द्या, नाही पोचला तर दुसऱ्यांदा द्या. तिसऱ्यांदा देऊ नका. तोपर्यंत पुढच्या रांगेतल्या पोरांनाही पाठ झालेला असतो. त्याऐवजी समोरच्या नटाला त्याचं पुढचं वाक्य द्या आणि गाडी पुढे काढा.

कुजबुजू नका. कुजबुजीत स आणि श शिट्टीसारखे वाजतात आणि माईक तेवढेच उचलतो. खालच्या पट्टीत, पोटातून, सपाट बोला. भावना घालू नका, नाहीतर नट तुमच्याच चालीत बोलायला लागतो.

दशावतारातून आलेल्या नटांची गोष्ट निराळी. विष्णुदास भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत पहिला खेळ केला, तेव्हा पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं प्रसंग बघून आपली भाषणं करायची. आमच्या दशावतारात अजून तसंच चालतं: आख्यान ठरलेलं, रंगपटात चार गोष्टी बोलून घेतलेल्या, बाकी सगळं जिभेवर. तिथे प्रॉम्प्टरला जागाच नाही. असा नट आमच्या लिहिलेल्या नाटकात विसरला तर थांबत नाही. तिथल्या तिथे स्वतःचं भाषण रचतो, आणि ते इतकं सुरेख रचतो की मीसुद्धा ऐकत राहते. अडकतो तो समोरचा, कारण त्याला हवं ते शेवटचं वाक्य येतच नाही. अशा वेळी दशावतारी नटाला मुळीच हाक देऊ नका. भाषणाचा भर ओसरला की समोरच्याला त्याचं उत्तर द्या.

पानं उडाली तर मागे ओढू नका. नट बाराव्या पानावरून अठराव्यावर गेला, की तुम्हीही जा, आणि मधल्या सहा पानांत प्रेक्षकाला कळायलाच हवं असं काय होतं ते बघा. एकदा असं एक पत्रच राहिलं. नायिकेच्या हातात ते पडायला हवं होतं, पुढच्या प्रवेशात ती ते फाडते. मी विंगेतल्या गड्याच्या हातातल्या ट्रेमध्ये कपाखाली पत्र ठेवलं आणि म्हटलं, ‘ताईसाहेब, हे आलंय, एवढंच बोल.’ तो बोलला. नाटक सांधलं. त्यासाठी नाटकाची गोष्ट प्रॉम्प्टरला दिग्दर्शकाइतकी पक्की ठाऊक हवी, आणि कुठली वस्तू कुठल्या विंगेत आहे हेही.

बसायची जागा: ज्या बाजूला कच्च्या नटाचं तोंड जास्त वेळ असतं, त्या बाजूची दुसरी विंग. पहिल्या विंगेत बसलात तर कडेच्या प्रेक्षकांना दिसता. वर टांगलेला किंवा खाली ठेवलेला माईक तुमच्यापासून निदान चार हात लांब हवा. साऊंडवाल्याला हे दुपारीच सांगा. स्टूल करकरत नाही ना ते बसून बघा. उजेडाला लहान बॅटरी, काचेवर निळा जिलेटीन कागद. मोबाईलचा उजेड नको, तो पडद्याच्या फटीतून तुमचं तोंड उजळवतो. आणि तुमच्याभोवती कुणाला उभं राहू देऊ नका. विंगेत पोरं येतात, चहावाला येतो, नटांचे मामा येतात. मी स्टुलाच्या दोन्ही बाजूंना सुतळी बांधते.

मध्यंतरात नटाला चुका मोजून दाखवू नका. दुसऱ्या अंकात तो जिथे हमखास अडतो ती एक जागा सांगा, तेवढं पुरे.

प्रयोग संपला, नारळ-पेढे वाटले गेले, की झोपण्याआधी प्रत उघडा आणि त्या रात्री कोण कुठे अडलं ते तारखेसह लिहा. पुढच्या वर्षी नाटक नवं असलं तरी नट तेच असतात. माझ्या सगळ्या प्रती देवळाच्या कोठीत पत्र्याच्या पेटीत आहेत. हव्या त्याने बघाव्यात. पेटीत डांबराच्या गोळ्या मात्र मिरगाच्या आधी बदलायच्या.